सहा कोरे बुशशर्ट

१

कलकत्त्याहून आलेली सुटकेस ठाण्याच्या पोलीस चौकीत टेबलावर उघडून ठेवली होती. सुमती केणी तिच्यातला एकेक कपडा काढून मोजत होती. फौजदार गोपीनाथ वैती समोर बसले होते. त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नसे. समोरचं माणूस बोलू लागलं की ते मान वळवून उजवा कान पुढे करत, त्यामुळे त्यांच्याशी बोलणारी माणसं आपोआप सावकाश बोलत.

सामान मिळाल्याची सही घ्यायची आणि फाइल बंद करायची, एवढंच काम होतं.

सुमतीचा नवरा दौलत केणी हा कोपरीतल्या मिठागरवाल्यांच्या घरातला पहिला शिकलेला मुलगा. ठाण्याच्या एका बांधकाम कंपनीत तो ड्राफ्ट्समन होता, म्हणजे पूल आणि इमारतींची ड्रॉइंगं काढायचा. मागच्या मार्चमध्ये त्याला कलकत्त्याला मोठी नोकरी लागली. काम तातडीचं म्हणून तिथल्या कंपनीनं विमानाचं तिकीटच पाठवलं. सुमतीला बाळंत होऊन तेव्हा आठ दिवस झाले होते, त्यामुळे निरोप द्यायला घरचं कुणी गेलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी तो निघाला. रात्री दादरला ओळखीच्या माणसाकडे झोपतो आणि उद्या तिथूनच सांताक्रूझचा विमानतळ गाठतो, असं सांगून गेला.

शनिवारी दुपारच्या विमानात तो बसल्याची नोंद होती. संध्याकाळी कलकत्त्याच्या एका हॉटेलच्या रजिस्टरात त्याचं नाव होतं. रविवारी सकाळी तो हॉटेलातून बाहेर पडला आणि त्यानंतर कुणालाही दिसला नाही. नव्या कंपनीत तो हजर झालाच नाही. नऊ महिन्यांनी फाइलवर शेरा पडला, ‘स्वखुशीने परागंदा’. कोपरीत लोक तीच गोष्ट इतक्या सभ्य शब्दांत बोलत नव्हते. ऑफिसातली टायपिस्ट मंदाकिनी त्याच आठवड्यात रजेवर गेली होती आणि लोकांना तेवढं पुरेसं होतं.

“शर्ट सहा,” सुमती म्हणाली. “सगळे मीच शिवलेले. तिकडे उकाडा असतो म्हणून मोकळे बुशशर्ट शिवले होते. एकाचीही घडी मोडलेली नाही.”

झाकणाच्या आतल्या कप्प्यात तिला एक कागद सापडला. तो नागमोडी घडीचा होता, मागे-पुढे, मागे-पुढे, आणि बिलाचा नंबर असलेला कोपरा तेवढा वर राहिला होता. तिनं तो उलगडला. सांताक्रूझच्या विमानतळावरच्या एका कपड्याच्या दुकानाचं बिल. बुशशर्ट एक, छाती चाळीस, रंग राखी.

तिनं कागद शर्टांच्या ढिगाशेजारी ठेवला.

“त्यांनी शर्ट विकत घेतला,” ती म्हणाली. “माझे सहा पेटीत असताना. विमानात बसायला माझे बरे नव्हते, असं वाटलं असेल.”

वैतींनी नजर खाली केली. “बाई, सामान बरोबर असेल तर इथं सही करा.”

“सामान बरोबरच आहे, साहेब. तेच तर चुकतंय.” तिनं कपड्यांचा दुसरा ढीग पुढे सरकवला. “मी तीन पाटलोणी दिल्या होत्या. दोन पेटीत आणि एक अंगावर. तिन्ही इथं आहेत. घरून निघताना घातलेला पांढरा शर्ट इथं आहे. कोट इथं आहे, बूट इथं आहेत. कोटाची पाठीवरची शिवण उसवली आहे, ती मी दिली तेव्हा धड होती.”

वैतींनी उजवा कान आणखी पुढे केला.

“काहीच कमी नाही?”

तिनं पुन्हा सगळं चाळलं. “एक चड्डी नाही. गादीचं कापड उरलं होतं, निळ्या पट्ट्यांचं. त्यांना खाडीत पोहायचा नाद होता, म्हणून शिवली होती. तेवढीच.”

वैतींनी सहीचा कागद परत ओढून घेतला. माणूस हॉटेलातून निघून गेला आणि त्याच्या तिन्ही पाटलोणी, बूट मागे राहिले. मग तो काय घालून गेला?

२

विमानतळावरचं दुकान म्हणजे एका भिंतीला लावलेलं लांब काउंटर आणि मागे दोऱ्यांवर टांगलेले कपडे. बुशशर्ट, ढगळ सुती पाटलोणी, कॅनव्हासचे बूट, गवती हॅट. बाहेर विमानाचे पंखे सुरू झाले की टांगलेले शर्ट हलत.

दुकानदार लछमनदास कल्याण कॅम्पात राहायचा. फाळणीत सगळं मागे टाकून आलेला, पन्नाशीचा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. वैतींनी बिल पुढे ठेवलं तसा त्यानं चष्मा लावून आपल्या बिलबुकातली स्थळप्रत काढली.

“पहिल्यांदा विमानात बसणारा माणूस इथं कडक इस्त्री करून येतो, साहेब. कोट, टाय. मग बाकीचे लोक बघतो, मोकळे ढाकळे. लाजतो. माझ्याकडून एक बुशशर्ट घेतो. माझा धंदा त्याच्यावरच चालतो.”

“हे गिऱ्हाईक आठवतं?”

“चेहरा नाही आठवत. रोज शंभर चेहरे बघतो. पण हा आठवतो.” त्यानं बिलावर बोट ठेवलं. “गरमीत कोट घालून आला, गळ्याला टॉवेल गुंडाळलेला. इथं सामानाबरोबर माणसाचंही वजन करतात ना, तिथं काट्यावर त्याला म्हणाले, कोट काढा. तर हा तिथून निघून सरळ माझ्याकडे आला. बुशशर्ट दे म्हणाला, लवकर. मी म्हटलं, घालून बघा. त्यानं कोट काढला, तर आतला शर्ट समोरून फाटलेला. खिसा लोंबत होता. एक बटण जागेवर नव्हतं.”

“काही बोलला?”

“गाडीतून उतरताना अडकला म्हणाला. मी आधी छत्तीसचा दिला, तो दंडातच अडकला. मग चाळीसचा दिला.”

वैतींनी पिशवीतून सुमतीनं शिवलेला एक बुशशर्ट काढून काउंटरवर पसरला. लछमनदासनं टेप लावली. मग शर्ट उलटा करून आतली शिवण बघितली.

“किसने सिया? हाथ अच्छा है,” तो म्हणाला. “पण हा चौतीसचा आहे, साहेब. तो माणूस ह्याच्यात शिरणारच नाही.”

वजनकाट्यावरच्या नोंदींचे कागद विमान कंपनी तीन महिन्यांनी टाकून देत असे, ते मिळाले नाहीत. त्यांची गरजही नव्हती. शर्ट विकत घेणाऱ्याच्या हातातल्या सुटकेसमध्ये सहा कोरे शर्ट होते आणि त्यांतला एकही त्याला होत नव्हता. बारीक माणसाचा कोट त्यानं ओढूनताणून अंगात चढवला, म्हणून पाठीची शिवण उसवली.

दौलत केणी त्या विमानात बसलाच नव्हता. दुसरंच कुणी त्याच्या नावावर कलकत्त्याला गेलं, सुटकेस हॉटेलात टाकून दिली आणि आगगाडीनं गुपचूप परत आलं.

परतीच्या वाटेवर वैतींना आपला शोध लागल्याचा आनंद झाला नाही. हे सुमतीला सांगायचं म्हणजे काय सांगायचं, हेच त्यांना कळत नव्हतं. नवरा टाकून गेला म्हणून ती नऊ महिने रडली होती. टाकून गेलेला नवरा निदान कुठंतरी जिवंत असतो.

३

तिकिटाची तारीख ज्यांना ठाऊक होती, अशी घराबाहेरची माणसं तीन. वैतींनी प्रत्येकाला एकेक फुलस्केप कागद द्यायचं ठरवलं. सोमवारी अकरा वाजता चौकीत हजर राहावे, एवढंच त्यावर लिहिलं होतं. कागद द्यायला ते स्वतः गेले.

पहिला काळुराम केणी, दौलतचा चुलतभाऊ. मिठागरावर आयुष्य गेल्यामुळे उन्हानं करपलेला, रुंद छातीचा माणूस. दौलतच्या वाटणीची खाजण, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन, त्याला हवी होती आणि दौलत द्यायला तयार नव्हता. होळीला त्यानं चार लोकांत दौलतला पाण्यात बुडवीन म्हणून सांगितलं होतं.

“बोललो मी तसा,” काळुराम म्हणाला. “रागान मानूस बोलतो, साहेब. पन त्यो गेल्यावर त्याच्या आयशीला, तुळसाकाकीला, मीठ-मासली मीच नेऊन देतय. विचारा तिला.”

“त्या शनिवारी कुठे होतास?”

“उरणला. मिठाचा मचवा घेऊन. तीन दिवस.”

“इंग्रजी येतं?”

“मना मराठी वाचाया येत नाय.” त्यानं वैतींनी दिलेल्या कागदाची सुरळी केली आणि धोतराच्या कनवटीला खोचली.

दुसरी मंदाकिनी. ठाण्याच्या ऑफिसात ती अजून टायपिस्ट होती. वैतींना तिनं बसायलाही सांगितलं नाही.

“मी नागपूरला गेले होते, मावशीकडे. स्थळ बघायला. ते ठरलं आणि मग ही कोपरीची बातमी त्यांच्या कानांवर गेली. मोडलं.” ती टाइपरायटरकडे बघत बोलत होती. “मी दौलतरावांशी ऑफिसच्या कामापलीकडे दहा वाक्यं बोलले नसेन. नऊ महिन्यांत मला हे विचारायला आलेले तुम्ही पहिले.”

“दहा वाक्यांतलं एखादं आठवतं?”

तिनं टाइपरायटरवरून नजर उचलली. “कलकत्त्याच्या अर्जाचं पत्र मी टाइप केलं होतं. सोबत नमुन्याचं एक ड्रॉइंग होतं, पुलाचं. काढणाऱ्याचं नाव कोपऱ्यात असतं, तिथला कागद ब्लेडनं खरवडलेला होता आणि वर दौलतरावांचं नाव होतं. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, चूक झाली होती. मी पुढे विचारलं नाही.”

तिनं वैतींचा कागद पाकिटात घालतात तसा तीन घड्या करून पर्समध्ये ठेवला.

तिसरा मधु टिपणीस, त्याच ऑफिसातला ड्राफ्ट्समन आणि दौलतचा मित्र. कल्याणला भावाच्या बिऱ्हाडी राहायचा. तालमीत जाणारा, भरल्या खांद्यांचा, बोलायला मृदू. दौलत पळून गेला असं जे म्हणत, त्यांच्याशी ह्या एकाच माणसानं नऊ महिने वाद घातला होता.

“तो बायकोला टाकणारा नव्हता, साहेब. मी सगळ्यांना तेच सांगतो. सुमतीवहिनींनाही सांगून आलो.”

“मग काय झालं असेल?”

“परका मुलूख. काहीही होऊ शकतं.” त्यानं वैतींचा कागद हातात घेतला, वाचला, बोलता बोलता तो मागे-पुढे दुमडला आणि खिशात ठेवला. “मी तेव्हा नाशिकला होतो, मामांकडे. नाहीतर मीच पोहोचवायला गेलो असतो.”

४

गादीच्या कापडाच्या चड्डीचा शोध लागायला चार दिवस लागले. दौलत शुक्रवारी संध्याकाळी घरून निघाला आणि शनिवारी दुपारी दुसरा माणूस विमानतळावर होता. ह्या वेळात माणूस चड्डी नेसून जिथं जातो ती जागा म्हणजे पाणी. खाडी, तलाव, नदी. वैतींनी आसपासच्या सगळ्या ठाण्यांतून बेवारशी प्रेतांच्या नोंदी मागवल्या.

खडवलीची नोंद दोन ओळींची होती. शनिवारनंतरच्या रविवारी सकाळी भातसा नदीत गावाच्या खालच्या अंगाला पुरुषाचं प्रेत. वय तिशीच्या आसपास, डोक्यामागे जखम, पोहताना दगडावर आपटून बुडाला असावा. कपडे काठावर मिळाले नाहीत. ओळख पटली नाही. अंगावरच्या चड्डीचा तुकडा ओळखीसाठी ठेवला आहे.

तुकडा लिफाफ्यातून आला. वैती तो घेऊन कोपरीला गेले. दौलतची आई तुळसा ओट्यावर नातवाला घेऊन बसली होती. तिनं फौजदाराला पाहिलं आणि काही न विचारता मूल घेऊन शेजारी निघून गेली.

सुमती शिवणयंत्रावर होती. नवरा गेल्यापासून ती गावाचं शिवण करत असे. वैतींनी लिफाफा तिच्यापुढे ठेवला. तिनं तुकडा बाहेर काढला. पाण्यानं निळे पट्टे विटले होते. तिनं तो उलटा केला आणि कडेची शिवण अंगठ्यानं चाचपली.

“दोनदा मारलेली आहे,” ती म्हणाली. “उसवू नये म्हणून. माझीच आहे.”

वैतींनी खडवलीची नोंद सांगितली. विमानतळावरचा शर्ट सांगितला. चाळीस आणि चौतीस सांगितलं. ती ऐकत होती की नाही ते कळत नव्हतं. पायाखालची यंत्राची पट्टी मात्र ती नकळत हलवत होती आणि सुई रिकामीच वरखाली होत होती.

“म्हणजे माझे शर्ट त्यांनी नाकारले नव्हते,” ती शेवटी म्हणाली.

“नाही.”

“ते शनिवारीच गेले. मी रविवारी त्यांना पत्र लिहायला घेतलं होतं.” तिनं पाय थांबवला. “कोण होतं बरोबर?”

“दोन माणसांना चाळीसचा शर्ट होतो,” वैती म्हणाले. “सोमवारी सांगतो.”

५

सोमवारी अकराला तिघंही चौकीत आले. सुमती कोपऱ्यातल्या बाकावर बसली होती. तिला थांबायचं होतं आणि वैतींनी नाही म्हटलं नाही.

“तुम्हाला दिलेले कागद परत द्या,” ते म्हणाले.

काळुरामनं कनवटीतून सुरळी काढली. मंदाकिनीनं तीन घड्यांचा कागद ठेवला. मधुनं खिशातून काढलेला कागद टेबलावर ठेवला तेव्हा त्याच्या घड्या नागमोडी होत्या आणि तारीख लिहिलेला कोपरा वर होता. वैतींनी त्याच्या शेजारी विमानतळाचं बिल ठेवलं. नंबराचा कोपरा वर.

“टिपणीस, तुमच्या ऑफिसात ड्रॉइंगं अशीच दुमडतात ना?”

“हो,” मधु म्हणाला. “नाव आणि नंबर वर राहावा म्हणून. दौलतही असाच दुमडायचा.”

“दुमडायचा. म्हणून नऊ महिने कुणाला शंका आली नाही. हॉटेलच्या रजिस्टरातलं नाव छापल्यासारख्या सुट्या इंग्रजी अक्षरांत होतं. त्याची नक्कल दाखवली तेव्हा सुमतीबाई म्हणाल्या, हे त्यांचंच. पण ऑफिसात तुम्हा सगळ्यांना अक्षर तसंच काढायला शिकवतात. दौलत विमानात बसला असता तर बिल आणि अक्षर दोन्ही त्याचंच म्हटलं असतं. पण शर्ट चाळीस छातीचा घेतला गेला आणि दौलत चौतीसचा. म्हणजे गेला तो दुसरा माणूस. चाळीसचा शर्ट काळुरामलाही होईल. पण काळुराम इंग्रजीत नाव लिहू शकत नाही आणि कागदाची सुरळी करतो. गेला तो माणूस अंगानं भरलेला होता आणि ड्राफ्ट्समन होता. तुमच्या नाशिकच्या मामांचं पत्र परवा आलं. होळीपासून तुम्ही त्यांच्याकडे गेलेला नाही.”

मधुनं दोन्ही कागदांकडे बघितलं. त्याला राग आला नाही, तो घाबरलेलाही दिसला नाही. फार दिवस उभं राहिलेल्या माणसाला बसायला सांगावं तसा तो खाली बसला.

“पुलाचं ड्रॉइंग माझं होतं,” तो म्हणाला. “दोन महिने लागले होते मला. अर्ज मीही केला होता, दुसऱ्या ड्रॉइंगवर. त्याला बोलावणं आलं, मला नाही. मला तेव्हा काही माहीत नव्हतं. मी त्याला पेढे दिले.”

“खडवलीला कुणी नेलं?”

“मीच. म्हटलं, जाण्याआधी एकदा नदीत पोहू. घरी नको सांगूस, वहिनी बाळंतीण, काळजी करतील. मीही भावाला नाशिकला जातो म्हणून सांगितलं. रात्री कल्याणला धर्मशाळेत झोपलो, पहाटेच्या गाडीनं गेलो. सुटकेस बरोबरच होती. पाण्यातून वर येऊन आम्ही दगडावर उभे होतो. मी शर्ट घातला होता, दौलत अजून ओल्या चड्डीतच होता. तो म्हणाला, मधु, जाण्याआधी एक सांगतो, मनात ठेवून जाववत नाही. आणि त्यानं ड्रॉइंगचं सांगितलं. रडत होता सांगताना. मला वाटतं, मी माफ करीन असं त्याला वाटलं होतं.”

“मग?” वैतींनी विचारलं.

“मी ढकललं. त्यानं पडताना माझा शर्ट धरला, तो फाटला. डोकं दगडावर लागलं आणि तो पाण्यात गेला.”

“तुम्हाला पोहता येतं,” वैती म्हणाले.

“हो.”

“उतरलात?”

मधु म्हणाला, “मी बसून राहिलो. गाडीची वेळ झाली तेव्हा उठलो. स्टेशनवर आम्हाला दोघांना उतरताना लोकांनी पाहिलं होतं. तो विमानात बसला नाही तर दुसऱ्या दिवशी शोध सुरू होणार. बसला असं दिसलं तर शोध कलकत्त्यात होणार. त्याचे कपडे पेटीत भरले. त्यानं काढून ठेवलेला पांढरा शर्ट घालून बघितला, बटणं लागली नाहीत. मग कोट घातला. घरी गेलो असतो तर भावानं विचारलं असतं, नाशिकहून सकाळीच फाटक्या शर्टात कसा आलास?”

मंदाकिनी भिंतीकडे तोंड करून उभी होती. काळुरामनं टोपी काढून हातात घेतली.

सुमती बाकावरून उठून टेबलाशी आली.

“तुम्ही आमच्या घरी आला होतात,” ती मधुला म्हणाली. “मुलासाठी खाऊ आणला होता. म्हणाला होतात, दौलत टाकणारा नव्हे. ते कशाला सांगितलंत?”

“ते खरं होतं, वहिनी,” मधु म्हणाला. “तेवढं एक खरं सांगता येत होतं.”

६

खडवलीला जायचं सुमतीनंच ठरवलं. वैती सोबत गेले. मूल तिच्या खांद्यावर झोपलं होतं.

ज्या पोलीस पाटलानं ती दोन ओळींची नोंद केली होती, तो मरून गेला होता. त्याची बायको रखमाबाई त्यांना नदीवर घेऊन गेली. पाणी हिवाळ्यात ओसरलं होतं आणि मधले काळे दगड उघडे पडले होते. त्यांतला कोणता, हे सुमतीनं विचारलं नाही.

“बेवारशी म्हनून पुरनार हुते,” रखमाबाई म्हणाली. “मी मालकाला म्हटलं, कुनाच्या तरी घरचा हाय, लाकडं आपन देऊ. त्या आंब्याखाली जाळलं. राख नदीतच सोडली.”

“तोंड कसं होतं?” सुमतीनं विचारलं.

रखमाबाईनं वैतींकडे बघितलं. मग म्हणाली, “झोपलेल्या मानसागत. तुमी म्हनाल तर खरं सांगते, मी फार येळ बघितलं नाय. पन डोळे मिटलेले हुते.”

सुमतीनं मान हलवली. आंब्याखाली ती थोडा वेळ उभी राहिली. मूल जागं झालं, रडायला लागलं, तशी ती तिथंच बसून त्याला पाजू लागली. रखमाबाई तिच्या पुढ्यात आडोशाला उभी राहिली.

परतीची गाडी यायला अवकाश होता. फलाटावर दुसरं कुणी नव्हतं. वैती सांगत होते की खटला उभा राहायला वेळ लागेल, तिला साक्ष द्यावी लागेल. ती हो म्हणत होती. मग तिनं मूल त्यांच्याकडे दिलं.

“जरा धरता, साहेब? पाणी पिऊन येते.”

वैतींना मुलं धरायची सवय नव्हती. ते अवघडून बसले. फलाटाच्या टोकाला नळ होता, तिथं ती बराच वेळ पाठमोरी उभी होती. परत आली तेव्हा तिच्या पदराच्या टोकाला काहीतरी गाठीत बांधलेलं होतं. कपाळ पाण्यानं धुतलेलं होतं आणि गळा मोकळा होता.

वैतींची नजर तिच्या गळ्याकडे गेली.

“घरी सासूबाईंना करावं लागलं असतं,” ती म्हणाली. “त्यांच्यानं झालं नसतं.”

तिनं मूल परत घेतलं. कसाऱ्याकडून गाडी येताना दिसली तशी ती उठून फलाटाच्या कडेपासून दोन पावलं मागे उभी राहिली.